चहाच्या खोलीपर्यंतची तार

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. वजनाने जड, दिसायला ओबडधोबड आणि पोटात घंटेच्या दोन पितळी वाट्या असलेला. मला पाहून तुम्हाला हसू येईल. माझ्यावर आकडे दाबायचे नसतात, तबकडीच्या भोकात बोट घालून ती फिरवायची असते. ती सावकाश परत जागेवर येईपर्यंत माणसाला आपण काय बोलणार आहोत याचा विचार करायला वेळ मिळतो. हल्लीच्या बटणांच्या फोनांनी तो वेळ काढून घेतला, हे काही बरं झालं नाही, असं माझं म्हातारपणचं मत आहे. पण ते असो. म्हाताऱ्या माणसांना आणि जुन्या टेलिफोनला एकदा बोलतं केलं की आवरणं कठीण, हे मलाही ठाऊक आहे.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझ्यात घंटा बसवली, कुणी तबकडी, कुणी तारा जोडल्या. सगळ्यात शेवटी पांढरा डगला घातलेल्या तपासनीस बाईंनी माझा रिसिव्हर कानाला लावला आणि म्हणाल्या, “हॅलो, ऐकू येतंय का?” हॉलच्या पार दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं, “अगदी स्पष्ट.” माझ्यातून गेलेले ते पहिले शब्द. आपला धर्म काय, हे मला तेव्हाच समजलं. इकडचं बोलणं तिकडे न्यायचं, तिकडचं इकडे आणायचं आणि मध्ये पदरचं काही घालायचं नाही.

मला विकत घेतलं ते एका प्रार्थनाघराने. वर मोठं सभागृह होतं आणि खाली तळघरात एक बुटकी खोली. तिला सगळे ‘कामाची खोली’ म्हणत. ती खोली थोरल्या भाऊंची. थोरले भाऊ वर प्रार्थना सांगत आणि प्रार्थना संपली की बाह्या सरसावून खाली येत. त्यांचं म्हणणं असं की, देवापुढे हात जोडणाऱ्याच्या हाताला काम नसेल तर तो हात जोडणार तरी किती वेळ! वस्तीत ज्याला काम नसेल तो खाली येऊन भिंतीलगतच्या बाकावर बसे. भाऊ त्याच्याशी बोलत, त्याला काय येतं, काय येत नाही ते विचारून घेत आणि मग माझी तबकडी फिरवत.

“मी बोलतोय,” ते म्हणत. नाव सांगायची गरजच नसे. “तुमच्याकडे गोदामात माणूस हवा होता ना? पाठवतोय एक. हिशेबात कच्चा आहे, पण सांगितलेली वेळ चुकवणार नाही. शब्द देतो.”

मित्रांनो, तो शब्द मी वाहून नेत असे. बेकरीत, छापखान्यात, कापडाच्या दुकानात, रुग्णालयात. कधी पलीकडून नकार यायचा, तोही मी जसाच्या तसा आणायचो. भाऊ रिसिव्हर ठेवून त्या माणसाला तोंडावर सांगायचे, “आज नाही म्हणाले. उद्या दुसरीकडे विचारू.” आणि होकार आला की बाकावरची सगळी मंडळी एका सुरात ओरडायची, “लागली!” मग कुणी मला रुमालाने पुसायचं, कुणी माझ्या डोक्यावर हात ठेवायचं. वस्तीत म्हणच पडली होती: दारोदार फिरण्यापेक्षा तळघरातला फोन बरा. त्या दिवसांत मी थोडा फुशारलो होतो, हे कबूल करतो. पण फुशारावं असंच काम होतं ते.

थोरल्या भाऊंच्या मुलीचा नवरा तेव्हा कामाविना घरी बसून होता. त्याच्या पहिल्या नोकरीचा फोनही माझ्यातूनच गेला. सासऱ्यांनी दोन ठिकाणी विचारलं, तिसऱ्या ठिकाणी जमलं. बाकावरची मंडळी “लागली!” ओरडली तेव्हा हा लाजून खाली बघत होता. वस्ती त्याला जावईबापू म्हणे. लक्षात ठेवा त्यांना. मी तर विसरूच शकत नाही.

पुढे थोरले भाऊ आजारी पडले आणि अंथरुणाला खिळले. कामाची खोली जावईबापूंकडे आली. माणूस हुशार, बोलायला गोड, इस्त्रीचा सदरा कधी चुरगळलेला दिसायचा नाही. त्यांनी वर स्वतःसाठी कचेरी थाटली, तिथे बटणांचा फोन आणला आणि माझी बाहेर जाणारी तार कापून टाकली. पक्कड आणली आणि खट्‌. मला कळेपर्यंत माझ्यातली ती कायमची गुणगुण थांबली होती.

मला भंगारात घालायचं ठरलं होतं. वाचवलं ते ताईंनी. ताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. कामाच्या खोलीत फुकट शिकवायला यायच्या. त्यांनी पाहिलं होतं की, वस्तीतली माणसं कामात वाघ, पण मालकाशी बोलायची वेळ आली की त्यांची बोबडी वळते. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. बाजूच्या चहाच्या खोलीत, साखरेच्या डब्याशेजारी, माझ्यासारखाच एक जुना फोन ठेवला. भिंतीला भोक पाडून दोघांच्या मध्ये तार ओढली आणि एक बॅटरी जोडली. ताई तिकडे बसून मालक व्हायच्या, शिकणारा इकडे माझ्यापाशी बसून बोलायचा सराव करायचा. ताई खडूस मालक असा काही वठवायच्या की, बाकावरच्यांची हसून पुरेवाट व्हायची.

या सरावाचे दोन नियम होते. एक नियम थोरल्या भाऊंनी अंथरुणातून सांगून पाठवला होता. “नकार बाहेर पोटभर मिळतो. या घरात सराव करणाऱ्याला शेवटी हो म्हणत जा. होकार कानाला कसा लागतो ते तरी कळू दे.” दुसरा नियम ताईंचा. नवीन माणूस आला की त्याला आधी चहाच्या खोलीत न्यायचं, तिथला फोन दाखवायचा, त्याच्या हाताने तार चाचपून घ्यायची आणि मगच मला हात लावू द्यायचा. “आधी दुसरा फोन, मग पहिला,” असं त्या म्हणायच्या. त्यामुळे “उद्यापासून या” ऐकल्यावर माणूस हसायचा, बाकावरचे “लागली!” ओरडायचे आणि सगळ्यांना ठाऊक असायचं की हे लुटुपुटूचं आहे.

तार कापल्याचं दुःख मी गिळलं होतं. पल्ला लहान झाला, पण काम इमानदारीचं होतं. थोरले भाऊ गेले त्या आठवड्यातही ताईंनी सराव बंद ठेवला नाही.

आणि मग एक दिवस पाहुणे आले. संस्थेला मदत करणारी बडी मंडळी. तळघर धुऊन काढलं होतं, बाकाला नवा रंग दिला होता. मलाही तेल लावून चकचकीत केलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी पुसलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. म्हणतात ना, बोकडाला खाऊपिऊ घालतात तेव्हा त्याला वाटतं, आपले लाड चाललेत.

त्याच दिवशी जिनेवाली वहिनी पहिल्यांदा आली. मोठ्या इमारतींचे जिने पुसायचं तिचं काम, म्हणून हे नाव. नवरा रंगारी. शिडीवरून पडून त्याची कंबर मोडली होती आणि घर हिच्या एकटीच्या कामावर चाललं होतं. आता हिचे गुडघे बोलू लागले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिन्यांचं काम सोडा, नाहीतर पाय जातील. पाय गेले असते तर घरात कमावतं कुणीच उरलं नसतं. शेजारच्या म्हातारीने तिला सांगितलं, “अगं, प्रार्थनाघराच्या तळघरात जा. तिथे एक काळा फोन आहे. त्याच्यावरून बोललं की काम लागतं.” म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिच्या मुलाला खरंच माझ्यामुळे काम लागलं होतं. फक्त त्या गोष्टीला फार वर्षं झाली होती.

वहिनी बाकावर टेकते न टेकते तोच जावईबापू पाहुण्यांना घेऊन खाली उतरले. ताई उठल्या आणि तिला चहाच्या खोलीकडे नेऊ लागल्या. जावईबापूंनी त्यांना हळूच अडवलं.

“ताई, तुम्ही पलीकडे बसा. यांना मी समजावतो.”

ताई गेल्या. जावईबापूंनी वहिनीला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “कुठे काम हवंय?”

“रुग्णालयाच्या धुलाईघरात मिळालं तर बरं,” ती म्हणाली. “तिथे जिने नाहीत.”

“मग बोला त्यांच्याशी,” असं म्हणून जावईबापूंनी माझी तबकडी फिरवली.

मित्रांनो, तार कापल्यापासून माझी तबकडी कुणी फिरवली नव्हती. सरावात त्याची गरजच नसायची. त्या बोटांनी एकेक आकडा फिरवला आणि ज्याच्या नोकरीसाठी मी एके काळी जीव तोडून शब्द नेला होता, त्याने पाहुण्यांच्या देखत मला खोटं पाडलं. नव्हे, खोटं बोलायला लावलं. मला घंटा वाजवता आली असती तर ती मी फुटेपर्यंत वाजवली असती.

वहिनीने रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. भिंतीच्या भोकातून ‘धुलाईघर’ एवढंच ऐकलेल्या ताईंचा जाड केलेला आवाज पलीकडून आला, “बोला, धुलाईघर.”

“नमस्कार बाई. मी कामासाठी बोलतेय.”

“आधी काय काम केलंय?”

“जिने पुसते. मुलगी पोटात होती तेव्हापासून. आता ती नववीत आहे.”

“इथे ओल्या चादरी उचलाव्या लागतात. फार जड असतात. जमेल?”

“बाई, मी रोज नवरा उचलते. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर. चादरीचं काय घेऊन बसलात!”

पाहुणे हसले. पलीकडे ताईसुद्धा क्षणभर खऱ्याच हसल्या.

“खाडे किती करता?”

“एकदाच केला. तो शिडीवरून पडला त्या दिवशी.”

मग ताई नियमाप्रमाणे म्हणाल्या, “ठीक आहे. उद्या सकाळपासून या.”

वहिनी रडली. तोंडाला पदर लावायचंही तिला सुचलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने फोटो काढला. ती माझ्यात म्हणाली, “देव तुमचं भलं करो बाई. जिन्यांचं काम मी आज संध्याकाळीच सोडते बघा.” मला अगदी हळुवारपणे तिने खाली ठेवलं आणि ती डोळे पुसत लगबगीने पायऱ्या चढून गेली.

शेवटचं वाक्य ऐकून ताई चहाच्या खोलीतून धावत आल्या. “तिला खरं वाटलंय,” त्या जावईबापूंच्या कानाशी म्हणाल्या. “तुम्ही सांगितलं नाहीत का?”

“हळू बोला. पाहुणे जाऊ द्या, मग पाहू.”

“अहो, ती काम सोडेल!”

“ताई, ही माणसं खूश होऊन गेली तर उद्या दहा जणींना मदत करता येईल. एकीसाठी रंगाचा बेरंग नका करू.”

ताई पायरीपर्यंत गेल्या. एका पाहुण्या बाईंनी त्यांना “छान शिकवता हो तुम्ही,” म्हणून थांबवलं आणि त्या थांबल्या. तेवढ्यात रस्त्यावर वहिनी दिसेनाशी झाली होती. पाहुणे गेल्यावर तिचं घर शोधावं, तर तिचा पत्तासुद्धा कुणी विचारून ठेवला नव्हता.

पुढचं मला बाकावरच्या बोलण्यातून कळलं. वहिनी त्या संध्याकाळी इमारतीवर गेली आणि तिने आपलं काम आपल्या जावेला लावून दिलं. जावेच्या घरीही चणचण होती. “मला चांगलं लागलंय, हे तू धर,” असं म्हणून तिने स्वतःची बादलीसुद्धा तिला दिली. सकाळी धुतलेली साडी नेसून ती रुग्णालयाच्या धुलाईघराच्या दारात उभी राहिली. दारवान म्हणाला, “कुणी बोलावलं?” ही म्हणाली, “फोनवर बाईंनी.” तो म्हणाला, “इथे बाई नाहीच. मुकादम पुरुष आहे.” आतली माणसं हसली. तरी ती पाळी सुटेपर्यंत तिथेच उभी राहिली. कुणाच्या तरी लक्षात येईल, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत तळघरात आली. चेहरा उतरलेला, पण रागाचा मागमूस नव्हता. जावईबापू काहीतरी न्यायला खाली आले होते. ती त्यांनाच म्हणाली, “साहेब, त्या बाई विसरल्यात बहुतेक. जरा परत फोन लावून आठवण करून द्याल का?”

मित्रांनो, मी पुष्कळ बोलणं ऐकलं आहे. नकार ऐकले, शिव्या ऐकल्या, मेल्याच्या बातम्या ऐकल्या. पण या वाक्याइतकं काही मला लागलं नाही. फसवलं गेलेलं माणूस फसवणाऱ्याचीच बाजू सावरत होतं.

“अहो वहिनी,” जावईबापू गोड हसून म्हणाले, “तो सराव होता. सगळ्यांना माहीत असतं.”

“सराव?”

“बोलण्याचा सराव. हा फोन बंद आहे. तुमचा गैरसमज झाला.”

“पण तुम्ही तर आकडे फिरवलेत.”

“ते आपलं असंच. बरं, निराश होऊ नका. देवावर विश्वास ठेवा.”

“देवावर आहेच की,” वहिनी म्हणाली. “फोनवर ठेवला, तिथे फसले.”

जावईबापूंना वर काम निघालं. ते गेले. वहिनी माझ्यासमोर उभी राहिली. मग तिने माझ्या मागून निघणारी तार बोटांत धरली आणि तिच्यामागे चालू लागली. टेबलाच्या कडेने, भिंतीच्या कोपऱ्याने, भोकापर्यंत. तिथून वळून ती चहाच्या खोलीच्या दारात गेली. आत शेगडीवर आधण होतं, साखरेचा डबा होता, शेजारी दुसरा फोन होता. आणि त्याच्यापाशी ताई उभ्या होत्या.

“एवढीच?” वहिनीने विचारलं.

ताई आयुष्यभर वर्गापुढे बोललेल्या, पण तोंडासमोर बोलायचं धैर्य त्यांना झालं नाही. वहिनीने थोडी वाट पाहिली. मग ती परत आली, खुर्चीवर बसली आणि तिने मला उचललं. परवासारखंच, दोन्ही हातांनी.

“हॅलो,” ती म्हणाली. “मी कामासाठी बोलतेय. काम आहे का?”

भिंतीच्या भोकातून आधण उकळत असल्याचा आवाज येत होता. मग ताईंनी तिकडचा रिसिव्हर उचलला.

“नाही,” ताई म्हणाल्या. या वेळी आवाज जाड केला नव्हता. “काम नाही. परवाही नव्हतं. हो म्हणणारी मीच. तुम्हाला खरं वाटलंय, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले. मला माफ करा.”

त्या तोकड्या तारेतून गेलेला तो पहिला नकार. माझी बाहेरची तार कापल्यापासून माझ्यातून गेलेलं पहिलं खरं उत्तरही तेच.

“बरं झालं सांगितलंत,” वहिनी म्हणाली आणि तिने मला जागेवर ठेवलं.

ताई त्याच दिवशी तिच्यासोबत बाहेर पडल्या. दोघी रुग्णालयात गेल्या, दोन खाणावळींत गेल्या, एका वसतिगृहात गेल्या. जागा कुठेच नव्हती. जावेने तिला तळमजल्याचा एक जिना परत दिला. सगळे जिने परत माग, असं शेजारणींनी हिला सुचवून पाहिलं. पण दिलेलं परत मागायला हिची जीभ रेटेना. आता ती दुखऱ्या गुडघ्यांनी तो एक जिना पुसते आणि उरलेल्या वेळात दारोदार विचारते. ताई पुन्हा कामाच्या खोलीत आल्या नाहीत. चहाची खोली तेव्हापासून बंद असते.

आणि मी? माझी मात्र चंगळ आहे. माझ्या डोक्यावर भिंतीला एक मोठा फोटो लावलाय. त्यात वहिनी मला कानाशी धरून आनंदाने रडतेय. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘एका फोनने यांचं आयुष्य बदललं.’ तसाच फोटो वर सभागृहाच्या दारातही लावलाय. येणारेजाणारे तो पाहतात. वहिनी एकदा येऊन तो काढा म्हणून सांगून गेली. जावईबापू “बघतो,” म्हणाले.

आज सकाळी तो फोटो पाहून एक म्हातारा सुतार खाली उतरला. खोलीत कुणीच नव्हतं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, घसा खाकरला आणि मला उचललं. “हॅलो,” तो म्हणाला, “मी सुतार बोलतोय. हात अजून चांगले चालतात.” पलीकडे साखरेच्या डब्यापाशी कुणी नाही. त्याला ते ठाऊक नाही. “साहेब कामात असतील,” असं स्वतःशीच म्हणून तो रिसिव्हर कानाला लावून अदबीने थांबलाय. अजून थांबलाय.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, माझे फोटो काढू नका. तुमच्यापैकी कुणीतरी चहाची खोली उघडून आत जा, तो दुसरा फोन उचला आणि त्याला खरं काय ते सांगा.